शेंदरी इसम

प्रेमानंद पाईकराव या टेलरनं चौकातल्या सरकारी कॅमेऱ्याची काच भरदुपारी, अख्ख्या गावासमोर, शिडीवर चढून पुसली.

तथापि अशी कोणतीही घटना घडलेली नाही. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षानं तसं कळवलं आहे, आणि जे कक्षाला दिसलं नाही ते गावानंही लक्षात ठेवू नये, अशी तोंडी सूचना आहे. तेव्हा वरचं वाक्य आपण वाचलंच नाही असं समजू आणि शेंदरापासून सुरुवात करू.

गावाचं नाव सांगता येत नाही. पुसेगावहून काळीपिवळी जीप मिळते, एवढं सांगितलेलं चालतं.

कॅमेरा आला तो भाऊसाहेबांच्या कृपेनं. भाऊसाहेब म्हणजे या भागाचे पुढारी. त्यांचं पद आणि पक्ष अधूनमधून बदलतो, म्हणून लोक त्या भानगडीत पडत नाहीत, नुसतं भाऊसाहेब म्हणतात. उद्घाटनाला ते म्हणाले, "आजपासून मी रोज तुमच्यात आहे. तुम्ही झोपलात तरी मी जागा आहे. तुम्ही दार लावलं तरी मी दारात आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी जाऊन विचार केल्यावर त्यांना जरा वेगळं वाटलं, आणि दुसऱ्या दिवसापासून प्रेमानंदकडे खिडक्यांच्या पडद्यांची शिलाई वाढली.

आता नवी वस्तू आली म्हणजे तिची पूजा आलीच. ट्रॅक्टरला स्वस्तिक काढतात, पाण्याच्या मोटारीला हळदकुंकू वाहतात. पण कॅमेऱ्याला काय? प्रश्न सरपंचांकडे गेला. सरपंच तांड्यावरच्या नीलाबाई आडे, आणि सरपंचकी बघतात त्यांचे यजमान बाबूसिंग. बाबूसिंगनं डोकं चालवलं. वेशीवर उभं राहून गावाची राखण कोण करतं? मारुती. मारुतीला काय लागतं? शेंदूर. या हिशेबात कुणालाच चूक सापडली नाही. तेलात कालवलेला शेंदूर वाटीत घेऊन बाबूसिंग शिडीवर चढला. वर गेल्यावर कळलं, की कॅमेऱ्याला कपाळ नसतं; तोंड एकच, तेही काचेचं. त्यानं बोटभर शेंदूर मधोमध लावला आणि खाली उतरून सगळ्यांत आधी स्वतःच नमस्कार केला.

प्रेमानंद समोरच होता. त्याचं 'करुणा टेलर्स' चौकाला लागून. आत उजेड कमी, म्हणून मशीन कायम बाहेर ओट्यावर. मशीनवर बसल्या बसल्या त्यानं सगळं बघितलं आणि तोंड उघडलं, "काचंवर नका—" आणि मिटलं. बौद्धवाड्यातल्या माणसानं शेंदराबद्दल मत दिलं, की ते मत राहत नाही, बातमी होते. त्यानं मान खाली घातली आणि एका झंपरची बाही जोडली.

शेंदूर एकदा लावला की खरवडत नसतात, वरून चढवत असतात. बाबूसिंग दर शनिवारी न चुकता चढवायचा. त्यात उन्हाळा लागला. तेल पाघळलं. काचेवरचा ठिपका खाली ओघळला, बाजूला पसरला, पुन्हा थबकला. वरचा गोळा डोक्यासारखा दिसू लागला, खाली खांदे आले. हात मात्र थोडे उशिरा फुटले.

हे गावाला कळलं ते बाबूसिंगच्या मोबाइलवरून. सरपंचांना कॅमेऱ्याचं चित्र मोबाइलवर बघायची मुभा होती, म्हणजे बाबूसिंगला होती. कुणाला दाखवायचं नाही या अटीवर त्यानं ते सगळ्यांना दाखवलं. चौक स्वच्छ दिसत होता, हातपंप दिसत होता, हातपंपाखालचं कुत्रं दिसत होतं. आणि प्रेमानंदच्या ओट्यावर, बराबर मशीनच्या जागी, एक लालभडक माणूस बसलेला होता.

"टेलर, तू कुठंय रे यात?" बाबूसिंगनं विचारलं.

"मी हितंच हाय की. मशीनवर."

"मग दिसून काहून न्हाई राहिला?"

प्रेमानंदनं हात हलवला. मोबाइलवर काहीच हललं नाही. त्यानं उठून दोन्ही हात हलवले. लाल माणूस बसूनच होता.

यातून गावानं आपापला बोध घेतला. ओट्यावर गेलं की माणूस सरकारला दिसत नाही. झालं. ज्याला ज्याला काही बोलायचं होतं तो ओट्यावर येऊ लागला. भाऊसाहेबांच्या विरोधातले आले. भाऊसाहेबांच्या बाजूचे आले, आणि भाऊसाहेबांच्या विरोधात बोलून गेले. कॅमेऱ्याला कान नाहीत असं सांगितलेलं होतं, पण असल्या सांगण्यावर गावाचा विश्वास नव्हता, म्हणून सगळे वाकून, तोंडाशी हात धरून बोलायचे. भिकाबाई तर रोज यायची.

"भिकामाय, तुमचं काय गुपित हाय वो?" प्रेमानंदनं विचारलं.

"मला सुनंला शिव्या देयाच्या हायेत. घरी देल्या तर ती उलट बोलती. हितं कसं, शांत वाटतं." तिनं मन लावून शिव्या दिल्या आणि झंपर शिवायला टाकून गेली.

प्रेमानंदची यात एकच तकलीफ होती, ती अशी, की त्याची पोरगी रोज तो पडदा बघत होती.

करुणा जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात कंत्राटावर लागली होती. पडद्यांसमोर बसायचं आणि काही वावगं दिसलं की कळवायचं. आत जे दिसतं ते बाहेर बोलायचं नाही, अशी तिच्याकडून शपथ घेतलेली. पोरगी सरकारात लागली म्हणून प्रेमानंदनं गावात पेढे वाटले होते. ज्या दुकानावर तिचं नाव, ज्या मशीनवर तिचं शिक्षण झालं, ते दुकान आणि ते मशीन ती आता हिंगोलीत बसून दिवसभर बघणार, याचं त्याला फार अप्रूप होतं. पहिले काही दिवस तो इस्त्रीचा शर्ट घालून मशीनवर बसला.

एका संध्याकाळी जेवताना त्यानं विचारलं, "करुणा, मी दिसतो का गं तुला?"

करुणानं भाकरीचा तुकडा वरणात बुडवला आणि तसाच धरून ठेवला. "सांगता येत न्हाई, पप्पा."

"एवढं बी न्हाई?"

"एवढं बी न्हाई."

"घरात तरी कुठं दिसता तुमी," सुनिता, प्रेमानंदची बायको, ताटात ठेचा वाढत म्हणाली. "बोलावलं की म्हणता, मशीनवर हाये."

थोड्या वेळानं करुणा खाली बघत म्हणाली, "पप्पा, तुमी दुपारी जरा हातपंपापर्यंत फिरून येत जा."

"काहून?"

"तब्येतीला बरं असतं."

प्रेमानंदचं घर दुकानाच्या मागंच, तिथूनच बौद्धवाडा सुरू व्हायचा. जाणं-येणं आतल्या दारानं. बाजारहाट सुनिताकडे. चौकात पाऊल टाकायची त्याच्यावर वेळच यायची नाही. पोरीचं म्हणणं त्याला कळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो टेप गळ्यात अडकवून हातपंपापर्यंत गेला. तिथं उभं राहून त्यानं कॅमेऱ्याकडे बघितलं, केसांवरून हात फिरवला, उगीच पंप हापसला.

संध्याकाळी बाबूसिंग मोबाइल घेऊन आला. त्याचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. "टेलर, तू दुपारी पंपावर गेलता का?"

"व्हय. दिसलो?"

बाबूसिंगनं दुपारचं चित्र पुढं धरलं. ऊन चढलं तसा शेंदराचा एक ओघळ ओट्यावरून निघून हातपंपापर्यंत गेला होता. लाल माणसानं हात लांब करून पंपाच्या दांड्यावर ठेवला होता. प्रेमानंद कुठेच नव्हता. दांडा मात्र वरखाली होत होता.

"ऊन हाय," प्रेमानंद म्हणाला. "तेल पाघळतं."

"व्हय," बाबूसिंग म्हणाला. "ऊनच हाय." आणि उन्हं उतरलेली असूनही त्यानं रुमालानं कपाळ पुसलं.

पुढल्या आठवड्यात वरून एक साहेब आले. नाव योगेश, एवढंच सांगितलं. आडनाव गोपनीय होतं. साधे कपडे, हातात मोबाइल. ते ओट्यासमोर उभे राहिले. मोबाइलकडे बघायचे, ओट्याकडे बघायचे, पुन्हा मोबाइलकडे.

"या इसमाबद्दल काय माहिती आहे?" त्यांनी विचारलं.

"कोणत्या?"

"हा. शेंदरी रंगाचा. जेवत नाही. घरी जात नाही. पाठ फिरवत नाही. रोज अख्खं गाव याला भेटायला येतं, स्वतःच्या पायानं. टेम्पो पाठवावा लागत नाही, पुरीभाजी द्यावी लागत नाही. येतात, वाकतात, कानात बोलतात, मोकळे होऊन जातात." साहेबांनी आवाज खाली आणला. "एवढी माणसं भाऊसाहेबांकडे येत नाहीत."

"साहेब, तो शेंदूर हाय. मारुतीचा."

"मारुतीचा म्हणजे कुठल्या गटाचा?"

प्रेमानंदनं सगळं समजावून सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"काच पुसून बघा की साहेब. कळंलच."

"सरकारी कॅमेऱ्याला हात लावणं गुन्हा आहे," साहेब म्हणाले. "आणि पुसलं तर तो सावध होईल." मग त्यांचं लक्ष पहिल्यांदाच प्रेमानंदकडे गेलं. "आपण कोण?"

"प्रेमानंद पाईकराव. हे माझंच दुकान हाय."

साहेबांनी मोबाइलवर बोट फिरवलं, बराच वेळ फिरवलं. "कॅमेरा लागल्यापासून आपण या गावात एकदाही आढळलेले नाहीत."

"पण मी तुमच्यासमोर बसून हाये न साहेब."

"ते माझं वैयक्तिक मत झालं," साहेब म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच थोडं वाईट वाटल्यासारखं दिसलं. "ओटा ग्रामपंचायतीच्या जागेत आहे. गाव सोडून गेलेल्याची जागा पंचायत परत घेते, हे आपल्याला माहीत असेलच. आपण इथं नाही, त्यामुळं आपल्याला नोटीस कशी द्यायची तेवढं बघावं लागेल."

नोटीस आली नाही. भाऊसाहेब आले.

दुपारची वेळ होती. गाड्या चौकाबाहेर थांबल्या. भाऊसाहेब एकटेच चालत आले, एका हातात हार, दुसऱ्या हातात मोबाइल. मोबाइलमध्ये बघत बघत त्यांनी ओट्याची पायरी शोधली.

"नमस्कार भाऊसाहेब," प्रेमानंद उठून म्हणाला.

"जरा बाजूला व्हा," भाऊसाहेब म्हणाले. "तुम्ही त्यांच्यात बसलाय."

प्रेमानंद बाजूला झाला. भाऊसाहेबांनी हार मशीनला घातला, समोरच्या स्टुलावर टेकले आणि पुढं वाकून हळू आवाजात बोलू लागले. प्रेमानंद दाराच्या चौकटीला चिकटून उभा होता. त्याला ऐकायचं नव्हतं, पण कान बंद करायची सोय नसते.

"माझ्याकडं माणसं आणावी लागतात हो," भाऊसाहेब म्हणत होते. "तुमच्याकडं येतात. मी कॅमेरे लावले. वाटलं, बघत राहिलं की कळेल, लोकांच्या मनात काय आहे. आता दिवसभर बघतो. लोक जातात, येतात, पाणी भरतात. कळत काही नाही. तुम्हाला काय सांगतात ते?"

ते थांबले. ओट्यावर मशीन होतं, हार होता, भिकाबाईचा अर्धा झंपर होता. भाऊसाहेबांनी मान डोलावली. मग थोडी जास्त डोलावली. मग त्यांचा चेहरा पडला.

"माझ्याबद्दल असं बोलतात?" ते म्हणाले. "बाबूसिंगसुद्धा?"

प्रेमानंद चौकट सोडून एक पाऊल मागं सरकला. कारण बाबूसिंग बोलला होता. ते फक्त प्रेमानंदनं ऐकलं होतं, आणि प्रेमानंदनं कुणाला सांगितलं नव्हतं.

भाऊसाहेब बराच वेळ बसून होते. उठले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खांद्यावर चार बोटांचा शेंदरी ठसा होता. जाताना ते प्रेमानंदला म्हणाले, "फार मोठा माणूस. मधे बोलत नाही."

पुढच्या आठवडी बाजाराच्या आत निर्णय झाला. गावाच्या निगराणी समितीचे अध्यक्ष म्हणून शेंदरी इसम यांची बिनविरोध निवड झाली. ओटा हे त्यांचं कार्यालय. ओट्यावरचं अनधिकृत सामान सोमवारपर्यंत हलवावं. सामान म्हणजे मशीन, स्टूल, आणि नोंद असती तर प्रेमानंद.

हे सांगायला बाबूसिंगलाच यावं लागलं. तो पायरीच्या खालीच उभा राहिला. हल्ली तो ओट्यावर चढत नव्हता.

"टेलर, तूच पूस ती काच."

"शेंदूर तुमी लावला. तुमीच पुसा."

"आमाला कुठं पुसता येतं बाबा? पाप लागतं. तुमचं बरं हाय. तुमाला पाप लागत न्हाई."

"पाप न्हाई लागत, केस लागती," प्रेमानंद म्हणाला. "आन् गावाला काय सांगसाल? पाईकरावानं देवाचा शेंदूर पुसला म्हणून?"

बाबूसिंगनं पायरीवर एक पाय ठेवला आणि लगेच मागं घेतला. मग म्हणाला, "शिडी मी धरतो. सगळ्यांसमोर. मग कोण काय म्हणंल?"

हे बाबूसिंगनं केलं, आणि त्याबद्दल त्याला मानलं पाहिजे. भरदुपारी त्यानं शिडी लावली आणि धरली. वर मात्र बघितलं नाही, पाप शिडीवरून खाली येऊ नये म्हणून. गाव दारादारांत उभं होतं. प्रेमानंद मशीनच्या तेलात भिजवलेली चिंधी घेऊन चढला. थर जाड होता. वरचा सुटला तसा खालचा ओला निघाला, आणि ओला ऊबदार होता, उन्हानं असेल. चिंध्या लाल झाल्या, मनगटं लाल झाली. शेवटी काच निघाली. वाकड्या काचेत त्याला त्याचं स्वतःचं बारकं तोंड दिसलं. हात जोडावेत असं काही वाटलं नाही. पलीकडे पोरगी बसली असणार, म्हणून त्यानं फक्त नाव सांगितलं. "प्रेमानंद पाईकराव," तो काचेला म्हणाला. मग खाली उतरला, हात धुतले आणि इस्त्रीचा शर्ट घालून मशीनवर बसला. दिवस मावळेपर्यंत हलला नाही.

करुणा आली ती चपला न काढताच आत येऊन बसली. सुनितानं पाणी दिलं, ते तिनं प्यायलं नाही.

"दिसलो न आज?" प्रेमानंदनं विचारलं.

तिनं आतल्या दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "पप्पा, मी आज सांगते. मग नोकरी जाऊ देत. दुपारपासून काच एकदम नितळ हाय. हातपंपाचा गंज दिसतो. दुकानाची पाटी वाचता येती. मशीन दिसतं."

"आन् मी?"

"मशीनवर तो बसलाय. आधी नुसता रंग होता. आता नीट दिसतो."

सुनितानं उठून आतल्या दाराला कडी घातली.

"तोंड कुणाचं हाय?" प्रेमानंदनं विचारलं.

"ते ठरायचंय, असं आमचे साहेब म्हणले."

"आन् शिडीवर चढलो ते? अख्ख्या गावानं बघितलं."

"शिडी दिसली. बाबूसिंगकाका धरून उभे होते, खाली मान घालून." करुणानं न प्यालेलं पाणी बाजूला सरकवलं. "शिडीवर कोणीच नव्हतं, पप्पा. चिंधी तेवढी काचंवर फिरत होती. साहेबांनी लिहून घेतलं, वाऱ्यानं."

तेवढ्यात बाहेर ओट्यावर मशीन चालू झालं.

तिघंही घरात होती. तिघांनी एकमेकांना बघून घेतलं. मशीनचा आवाज सरळ, न अडखळता येत होता. दोरा तुटत नव्हता, पाय थांबत नव्हता. प्रेमानंदच्या पायाची लय थोडी लंगडी होती, वर्षानुवर्षांची. ही तशी नव्हती. करुणानं बापाचा हात धरला आणि सोडला नाही. कुणी दार उघडलं नाही.

सकाळी भिकाबाईचा झंपर घडी घालून स्टुलावर ठेवलेला होता. तिनं तो तिथंच ओट्याखाली उभं राहून अंगाला लावून बघितला आणि गावभर सांगितलं, की बसतो बराबर, शिलाई प्रेमानंदपेक्षा बरी आहे, आणि हा टेलर उलट प्रश्नही विचारत नाही.

करुणाची नोकरी गेली नाही. तिनं काही सांगितल्याची नोंद नाही, कारण ज्याला सांगितलं तो माणूस नाही. उलट तिला त्याच चौकाचा पडदा कायमचा दिला. आता ती रोज दिवसभर बापाच्या रिकाम्या जागेकडे बघते, जी रिकामी नाही. संध्याकाळी घरी येते आणि आधी त्याच्या दंडाला हात लावून बघते.

प्रेमानंदनं तालुक्याला खेटे घातले. तिथल्या टेबलावरच्या बाईंनी सहानुभूतीनं ऐकलं आणि सांगितलं, की गावात दिसण्या-न दिसण्याचे सगळे अधिकार आता निगराणी समितीच्या अध्यक्षांना आहेत. अर्ज त्यांच्याकडेच करावा, त्यांच्या कार्यालयात, समक्ष. म्हणून त्यानं अर्ज लिहिला आणि आपल्याच मशीनच्या, म्हणजे आता कार्यालयाच्या मशीनच्या, सुईखाली अडकवून ठेवला.

"प्रति,
मा. अध्यक्ष, शेंदरी इसम साहेब,
ग्राम निगराणी समिती,
करुणा टेलर्सचा ओटा, यांचे सेवेशी.

विषय : दिवसातून थोडा वेळ दिसण्याची परवानगी मिळणेबाबत.

महोदय,
वरील विषयास अनुसरून विनंती करतो की, मी सदर गावचा रहिवासी असून आपण बसता त्या जागी पूर्वीपासून बसत आहे. आपणास उठवण्याचा माझा कोणताही उद्देश नाही. तरी आपण पाणी पिण्यास किंवा इतर कामास उठत असल्यास तेवढा वेळ मला मशीनवर बसू द्यावे. आपण उठत नसल्यास आपल्या मागे उभे राहण्याची, व तेही गैरसोयीचे असल्यास माझा एक हात आपल्या खांद्यावरून पडद्यावर दिसण्याची परवानगी मिळावी. माझी मुलगी नियंत्रण कक्षात सदर पडद्यासमोर बसते. तिने हात ओळखला आहे, एवढी नोंद झाली तरी पुरे. आपला अमूल्य वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व. सदर अर्जावर आपल्या चेहऱ्याचा निर्णय होण्यापूर्वी विचार व्हावा, ही नम्र विनंती."